पुडकं बांधताना

टाम्पेरेत जानेवारीत साडेतीनलाच दिवा लागतो.
मी स्वयंपाकघरात बसून पुडकं बांधतो:
कुणी ल्योंमध्ये, कुणी साओ पाउलोत
रात्री जागून लिहिलेला, फुकट वाटलेला कोड.
आधी सोडायचा, मग निवडायचा,
तांदूळ निवडावे तसा.
फक्त इथे खडेच चांगले असतात,
गुळगुळीत, वेगवान, मेहनतीने घासलेले,
आणि मी नेमके तेच वेचून बाहेर टाकतो.

एक स्क्रिप्ट आहे, माझीच, सात ओळींची.
ती गठ्ठा उघडते, दोन फोल्डर पुसते,
गठ्ठा पुन्हा आवळते
आणि नावापुढे एक शब्द चिकटवते: मुक्त.
कापलेल्याला मुक्त म्हणायची आमच्यात रीत आहे.

धमकीचं पत्र कधी आलेलं नाही.
येऊ शकतं, एवढं पुरतं.
वकीलबाई वर्षातून एकदा फोनवर भेटतात.
त्यांच्या प्रत्येक वाक्यात एक 'बहुधा' असतो
आणि त्यामागे लांब श्वास.
हे ठेवू का? बहुधा नको.
मग का काढलं ते लिहू का?
तेही नको.

चित्राचे चौकोनी तुकडे करायचे,
शेजारच्यावरून पुढच्याचा अंदाज बांधायचा,
चुकलं तेवढंच टिपून ठेवायचं.
आता या अंदाजाचाही सातबारा निघालाय,
हिस्सेदार शेकड्यांनी,
आणि कुणाची हद्द कुठे संपते
ते मोजणीदारालाही सांगता येत नाही.

मुदती मात्र संपतात. मी त्या वहीत मांडून ठेवतो.
गेल्या मे महिन्यात एक संपली.
सात ओळींच्या सहा झाल्या,
मी एकट्यानेच दुसऱ्यांदा कॉफी केली.
नंतर नवा फॉरमॅट आला, ओळी पुन्हा सात.

खालच्या मजल्यावरची इर्मेली
चाळीस वर्षं कागद गिरणीत होती.
तिच्या जुन्या लॅपटॉपवर हे सगळं मीच बसवून दिलं,
तेव्हा फुशारकीने म्हणालो होतो, "याला मालक नाही."
आज ती दारात उभी,
लॅपटॉप उघडाच, तबकासारखा धरलेला.
नॅसियॅर्वीच्या बर्फाला भोक पाडून
चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती पहिल्यांदा पाण्यात उतरली,
भाच्याने ते फोनवर टिपलं,
आणि पडद्यावर राखाडी चौकोन.

"एक तुकडा कमी आहे," मी म्हणालो.
"हरवला?"
"काढला."
"कुणी?"
मी टेबलावरच्या राईच्या पावाकडे बघत राहिलो.

"म्हणजे गणिताला मालक असतो?"
"काही देशांत."
"आणि इथे?"
"बहुधा."
तो शब्द माझ्या तोंडून वकीलबाईंच्या आवाजात निघाला.
ती म्हणाली, "आम्ही कागद केला.
त्यावर कोण काय लिहिणार, गिरणीने कधी विचारलं नाही."

दुसरं एक कोठार आहे, दुसऱ्या लोकांनी चालवलेलं.
त्याचा पत्ता आमच्या मदतपानावर लिहायला मला मनाई.
पावाच्या पिशवीवर नाही.
तेलकट अक्षरांत दोन ओळी लिहिल्या,
तिने एका बोटाने त्या टाइप केल्या.

चित्र आलं.
आवाज आला नाही.
त्याचा तुकडा वेगळा, त्याचे मालक वेगळे,
आणि कोठारातलं त्याचं पुडकं माझ्या पुडक्याशी जुळेना,
कारण माझं मी कालच बदललं होतं.

चाळीस सेकंद: लोकरी टोपी, लाकडी शिडी, वाफ,
एक पाय, मग दुसरा, गळ्यापर्यंत काळं पाणी,
तोंड उघडं, आणि त्यातून काहीच नाही.
"इथे मी ओरडले," तिने पडद्यावर बोट ठेवलं,
मग खुर्चीत ताठ बसली
आणि यंत्रांच्या घरघरीवर मात करण्यात मुरलेल्या गळ्याने
तेच पुन्हा ओरडली,
"पेर्केलेऽऽ!"

भिंतीपलीकडे कुत्रा भुंकला.
ओठांशी अर्धा सेकंद चुकलं होतं.
"परत लाव," ती म्हणाली. "आता जमेल."